चेटूक, देवी आणि कॉटन मॅदर

कॉटन मॅदर हे नाव मराठी वाचकाने ऐकलेच असेल, तर ते सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांसोबत. अमेरिकेतही फार वेगळी गत नाही. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या ‘स्लीपी हॉलो’च्या गोष्टीतला इकाबॉड क्रेन हा मास्तर चेटकाच्या ज्या गोष्टी वाचून घरी जाताना झुडपांनाही बिचकतो, त्या मॅदरच्या. लाँगफेलोने सेलमवर पद्यनाटक लिहिले, त्यातही हा पाद्री पात्र होऊन येतो. मॅदरने चारशेच्या आसपास पुस्तके-पुस्तिका छापल्या, चाळीसहून अधिक वर्षे बोस्टनच्या एकाच मंडळीची सेवा केली आणि पंधरा मुलांपैकी तेरा आपल्या हयातीत गमावली. लोकांच्या लक्षात राहिला तो १६९२ चा एक उन्हाळा.

त्या उन्हाळ्याचा डाग पुसून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. तो डाग त्याने स्वतःच्या लेखणीने लावून घेतला आणि पुसण्याची संधी आली तेव्हा रोजनिशीबाहेर अवाक्षर काढले नाही. पण याच माणसाने १७२१ मध्ये, बोस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा, एका आफ्रिकी गुलामाने सांगितलेली गोष्ट खरी मानून देवी टोचण्याचा आग्रह धरला. त्यापायी शहराच्या शिव्या खाल्ल्या, घरात बाँब पडला तरी हटला नाही. एकोणतीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी दोन वेगळ्या मॅदरच्या नाहीत, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही वेळा तो एकच काम करत होता: लोकांनी सांगितलेले ऐकणे, टिपून ठेवणे आणि त्यावर विश्वास ठेवणे. एकदा त्यातून फाशीला टेकू मिळाला, एकदा जीव वाचले. हा फरक कशाने पडला, याचा शोध म्हणजे हे चरित्र.

आधी घराण्याविषयी थोडे. मॅदरचा जन्म बोस्टनमध्ये १२ फेब्रुवारी १६६३ रोजी झाला. वडिलांचे वडील रिचर्ड मॅदर आणि आईचे वडील जॉन कॉटन हे दोघेही इंग्लंडमधल्या बिशपांच्या जाचाला कंटाळून १६३० च्या दशकात समुद्र ओलांडून आलेले नामांकित प्युरिटन धर्मोपदेशक. नातवाला एकाचे आडनाव पहिले नाव म्हणून मिळाले, दुसऱ्याचे आडनाव म्हणून. वडील इंक्रीज मॅदर हे बोस्टनच्या दुसऱ्या मंडळीचे पाळक आणि पुढे हार्वर्डचे अध्यक्ष. या घरात जन्मलेल्या मुलाने पाळक व्हायचे की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याला बोलता येईल का, हा प्रश्न मात्र होता. साडेअकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झालेला हा मुलगा तोतरा होता. उपदेशकाचे काम आपल्याला झेपणार नाही या भीतीने त्याने काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला. पुढे शब्द ओढून, संथपणे बोलण्याची सवय लावून घेऊन तो व्यासपीठावर उभा राहिला. १६८५ मध्ये वडिलांचा सहपाळक म्हणून त्याची दीक्षा झाली आणि १७२३ मध्ये इंक्रीज वारेपर्यंत बापलेक एकाच मंडळीत राहिले. साठीला आलेला मुलगा अजून वडिलांच्या हाताखाली, ही गोष्ट त्याच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगते. पण त्या तरुणपणीच्या वैद्यकाचा उपयोग कुठे झाला ते पुढे येईलच.

न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचा धर्म आपल्याकडच्या मिशनऱ्यांवरून ताडून पाहू नये. त्यांना बिशप नको होते, नाताळ नको होता, ठरीव प्रार्थनांचे पुस्तक नको होते. प्रत्येक मंडळी आपला पाळक आपण निवडी. देवाने आपल्याला तारणासाठी निवडले आहे की नाही, हे कोणालाच नक्की कळत नसे. म्हणून माणूस अष्टौप्रहर स्वतःच्या मनाची झडती घेई आणि आजूबाजूच्या प्रत्येक घटनेत देवाचा कौल शोधी. पीक बुडाले, मूल दगावले, वीज पडली, जहाज सुखरूप आले, सगळ्याला अर्थ. मॅदरच्या रोजनिशीत हे पानोपानी आहे. अभ्यासिकेच्या जमिनीवर पालथे पडून केलेल्या प्रार्थना, उपासाचे दिवस, रडणे, पुन्हा उभारी. एके ठिकाणी पंख असलेला देवदूत आपल्यासमोर प्रकट झाल्याची नोंद त्याने लॅटिनमध्ये केली आहे. या देवदूताने सांगितलेल्या भविष्यात मॅदरची पुस्तके युरोपातही छापली जातील हेही होते. लेखकांचे देवदूतसुद्धा लेखकांना हवे तेच बोलतात.

सेलमकडे जाण्याआधी १६८८ च्या बोस्टनमध्ये थांबले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिथे आधीच दिसते. जॉन गुडविन नावाच्या गवंड्याच्या चार मुलांना झटके येऊ लागले. थोरली मार्था हिचे धुणेवालीशी हरवलेल्या कपड्यांवरून भांडण झाले होते. धुणेवालीची आई ग्लोव्हर ही म्हातारी, गरीब, कॅथलिक आयरिश बाई. खटल्यात ती आयरिशमध्येच उत्तरे देत होती, म्हणून दुभाषे लावले. प्रभूची प्रार्थना तिला इंग्रजीत धड म्हणता येईना, हा तिच्याविरुद्ध पुरावा ठरला. तिला फाशी झाली. पंचविशीतल्या मॅदरने मार्थाला स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि वहीत टिपणे सुरू केली.

ती टिपणे वाचताना हसावे की कपाळाला हात लावावा हे कळत नाही. मुलीच्या अंगातल्या सैतानाला कोणती पुस्तके चालतात, याची तो परीक्षा घेतो. बायबल पुढे केले की मुलीला झटका येतो. क्वेकर पंथाचे पुस्तक ती सहज वाचते. विनोदाचे पुस्तक वाचते. इंग्लंडच्या चर्चचे प्रार्थनापुस्तक तर आवडीने वाचते. मॅदरच्या आजोबांनी मुलांसाठी लिहिलेली प्रश्नोत्तरी मात्र तिला सोसवत नाही. मग भाषांची परीक्षा. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू सैतानाला कळतात, पण तिथल्या मूळ रहिवाशांची एक भाषा त्याला तितकीशी समजत नाही, असा निष्कर्ष निघतो. पाळकाच्या घरात वाढत्या वयाची चतुर मुलगी यजमानाला काय ऐकायला आवडेल ते बरोबर ओळखत होती. मॅदरला हे सुचले नाही. त्याने प्रयोगाचा सगळा थाट मांडला होता. फक्त ‘हिला काही झालेले नाही’ हे उत्तर निघेल अशी वाट त्यात ठेवली नव्हती. टिपणांचे १६८९ मध्ये पुस्तक झाले. सेलमच्या पंचक्रोशीत मुलींना झटके येऊ लागले तेव्हा चेटूक लागलेले मूल कसे वागते याचा नमुना लोकांसमोर छापील रूपात तयार होता.

सेलमची हकिगत पुढे दोन प्रकरणांत सविस्तर आली आहे. इथे मॅदरचा वाटा तेवढा सांगतो. तो न्यायाधीश नव्हता, खटल्यांना हजरही नव्हता आणि त्या गावी कोणालाही जाळले नाही. एकोणीस जणांना फाशी दिली. ऐंशीच्या घरातला जाइल्स कोरी आरोपाला उत्तर देत नाही म्हणून त्याच्या छातीवर दगड ठेवत त्याला मारले. काही तुरुंगातच मेले. बहुतेक खटल्यांचा आधार होता पीडित मुलींची एक साक्ष: अमक्या बाईची छाया येऊन आम्हाला चिमटे काढते, गळा दाबते. ती बाई त्या वेळी सगळ्यांसमोर कठड्यात उभी असली तरी तिची छाया मुलींनाच दिसे.

या साक्षीवर विसंबू नका, सैतान निरपराध माणसाचेही रूप घेऊ शकतो, असे मॅदरने ३१ मे १६९२ रोजी न्यायाधीश जॉन रिचर्ड्‌स याला लिहिले. रिचर्ड्‌स त्याच्याच मंडळीतला. जूनमध्ये बोस्टनच्या पाळकांनी दिलेल्या अभिप्रायाचा मसुदाही मॅदरचाच. त्यातही हाच सावधगिरीचा इशारा आहे. मात्र शेवटच्या कलमात गुन्हेगारांवर झटपट आणि कठोर खटले चालवा अशी शिफारस. न्यायालयाने शेवटचे कलम तेवढे वाचले. मॅदरनेही मग आवाज चढवला नाही. त्यामागचे कारण राजकीय होते, असे मला वाटते. वसाहतीची जुनी सनद इंग्लंडच्या राजाने रद्द केली होती. नवी सनद इंक्रीज मॅदर लंडनहून घेऊन आले ते याच मे महिन्यात. नवा गव्हर्नर विल्यम फिप्स याला दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा दिला होता तो कॉटन मॅदरने. न्यायालय फिप्सने नेमलेले. त्याला चुकीचे म्हणणे म्हणजे बापाने आणलेल्या सरकारच्या पायावर धोंडा टाकणे.

१९ ऑगस्टला जॉर्ज बरोज या माजी पाळकाला फाशी दिले. शिडीवर उभे राहून त्याने प्रभूची प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हटली. चेटक्याला ती म्हणता येत नाही असा समज असल्याने गर्दी चुळबुळू लागली. तेव्हा घोड्यावर बसलेल्या मॅदरने लोकांना समजावले, की सैतानही तेजस्वी देवदूताचे रूप घेतो. ही हकिगत लिहिली मॅदरचा वैरी, बोस्टनचा व्यापारी रॉबर्ट कॅलेफ याने, तेव्हा थोडे मीठमसाल्याचे धरून चालावे. पण विसंगती मॅदरच्या स्वभावाशी जुळणारी आहे. बोस्टनच्या म्हातारीला प्रार्थना म्हणता आली नाही म्हणून ती दोषी. बरोजला आली, तरी तो दोषीच. त्याच वर्षाअखेरीस मॅदरने पाच खटल्यांचा वृत्तान्त न्यायालयाच्या कारकुनाकडून कागदपत्रे मागवून लिहिला आणि न्यायालयाची बाजू सावरली. त्याच सुमारास वडील इंक्रीज मात्र छायेच्या साक्षीविरुद्ध पुस्तक लिहीत होते. फिप्सने ऑक्टोबरात ते न्यायालय मोडीत काढले.

पाच वर्षांनी, जानेवारी १६९७ मध्ये, त्या न्यायालयातला एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याचा कबुलीजबाब पाळकाने वाचून दाखवला. मॅदरने त्याच सुमारास रोजनिशीत लिहिले, की न्यायाधीशांना थोपवण्यासाठी आपण पुरेसा जोर लावला नाही, याबद्दल देवाचा कोप आपल्या घरादारावर होईल अशी भीती वाटते. भीती घरादाराची. फाशी गेलेल्यांच्या घरादारांविषयी तिथे काही नाही.

आता १७२१. मधल्या काळात या माणसाच्या वाट्याला बरेच येऊन गेले होते. न्यू इंग्लंडच्या चर्चचा सात भागांचा अवाढव्य इतिहास १७०२ मध्ये लंडनला छापून झाला. पहिली बायको वारली. दुसरी बायको, नुकती जन्मलेली जुळी, दोन वर्षांची मुलगी आणि घरातली मोलकरीण १७१३ च्या गोवराच्या साथीत एका पंधरवड्यात गेली. त्याही दुःखात त्याने गरिबांसाठी गोवरात रोग्याची शुश्रूषा कशी करावी याचे पत्रक लिहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला तो निसर्गातल्या नवलांविषयी पत्रे पाठवी. मक्याच्या शेतात लाल आणि निळ्या दाण्याची ओळ लावली, तर वाऱ्याच्या दिशेच्या पिवळ्या मक्यातही ते रंग उतरतात, हे त्याने १७१६ मध्ये कळवले. वनस्पतींच्या संकराच्या अगदी आरंभीच्या नोंदींत हे पत्र गणले जाते.

मंडळीने १७०६ मध्ये त्याला एक आफ्रिकी गुलाम भेट दिला होता. हो, भेट. बायबलमधल्या पौलाच्या पत्रातल्या गुलामावरून मॅदरने त्याचे नाव ओनेसिमस ठेवले. तुला देवी येऊन गेल्या का, असे विचारल्यावर ओनेसिमस म्हणाला, आल्याही आणि नाहीही. मग त्याने दंडावरचा व्रण दाखवला. त्याच्या मुलखात देवीच्या फोडातला द्रव कातडीला चीर देऊन आत घालीत. थोडा ताप, थोडे फोड, आणि मग जन्मभर देवींची भीती नाही. मॅदरने बोस्टनमधल्या इतर आफ्रिकींना विचारले. एकमेकांशी संबंध नसलेली माणसे तीच गोष्ट सांगत होती. तुर्कस्तानातल्या अशाच रिवाजाचा लेख त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात वाचला होता. पुन्हा देवी आल्या तर आपण डॉक्टरांना हे करून पाहायला सांगू, असे त्याने १७१६ मध्येच लंडनला लिहून ठेवले.

एप्रिल १७२१ मध्ये ‘सीहॉर्स’ जहाजाबरोबर देवी आल्या. मॅदरने शहरातल्या डॉक्टरांना पत्र लिहिले. एकट्या झॅबडीएल बॉयल्स्टनने ते मनावर घेतले. २६ जूनला त्याने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरातल्या दोन गुलामांना टोचले. शहर खवळले. पदवीधर डॉक्टर बोस्टनमध्ये एकच होता, विल्यम डग्लस. आफ्रिकी लोकांच्या बोलण्यावर वैद्यक उभारायचे काय, अशी त्याने टर उडवली. जेम्स फ्रँकलिनच्या नव्या वर्तमानपत्राला आयता विषय मिळाला. देवाने पाठवलेला रोग माणसाने मुद्दाम का लावून घ्यावा, हा आक्षेपही होताच. गंमत अशी, की पाळक बहुतेक टोचण्याच्या बाजूने आणि शिकलेला डॉक्टर विरुद्ध. मॅदरचा मुलगा सॅम्युएल याला गुपचूप टोचले. तो फार आजारी पडला, पण वाचला. १४ नोव्हेंबरच्या पहाटे मॅदरच्या घरात खिडकीतून जळता बाँब आला. त्या खोलीत टोचून घेतलेला त्याचा भाचा झोपला होता. खिडकीवर आपटून वात निखळली, म्हणून तो फुटला नाही. वर शिवीगाळीची चिठ्ठी बांधलेली होती, म्हणे आता हे तुला टोचतो.

साथ ओसरली तेव्हा सुमारे ११ हजारांच्या शहरात निम्म्याहून अधिक लोकांना देवी येऊन गेल्या होत्या आणि ८४४ मेले होते, म्हणजे देवी आलेल्या शंभरात चौदाएक. बॉयल्स्टनने टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी सहा दगावले. ही मोजदाद छापून प्रसिद्ध झाली आणि लंडनमध्ये वाचली गेली. गाईच्या देवीची सौम्य लस सापडायला अजून पाऊणशे वर्षे होती. मुंबईत ती १८०२ मध्ये पोहोचली.

सेलममध्ये साक्ष खोटी ठरण्याची सोय नव्हती. बोस्टनमध्ये होती, कारण टोचलेला माणूस मरतो की जगतो हे सगळ्या गावाला दिसत होते. मॅदर १७२१ मध्ये अधिक शहाणा झाला होता असे मला वाटत नाही. चेटकावरचा त्याचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. या वेळी बरोबर बॉयल्स्टन होता, चाकू होता आणि आकडे होते, एवढेच. तरी एक श्रेय त्याचेच. ज्या साक्षीला शहरातला पदवीधर हसला, ती त्याने आपल्या गुलामाच्या तोंडून नीट ऐकून घेतली.

गुलामाच्या, हे विसरून चालणार नाही. काळ्या माणसालाही आत्मा आहे, त्याला वाचायला शिकवा, असे मॅदरने १७०६ मध्येच पुस्तिका लिहून सांगितले आणि पुढे स्वतः संध्याकाळची शाळा चालवली. त्याच पुस्तिकेत बाप्तिस्म्याने गुलाम मुक्त होत नाही, अशी मालकांची खात्रीही पटवून दिली. ओनेसिमसने आपल्या जागी दुसरा गुलाम घेण्यासाठी पैसे भरून १७१६ मध्ये सुटका मिळवली. तीही अर्धीच, बोलावले की कामाला यायचे या अटीवर. हजारो पाने लिहिणाऱ्या धन्याने त्याला मोकळे सोडले नाही.

प्रभावाचा हिशेब मांडायचा तर बेंजामिन फ्रँकलिनपासून सुरुवात करावी लागते. तो त्या टवाळ वर्तमानपत्रात भावाचा उमेदवार होता. १७२२ मध्ये त्याने घेतलेल्या ‘सायलेन्स डूगुड’ या टोपणनावातच मॅदरच्या ‘सत्कर्मांविषयी’च्या १७१० मधल्या पुस्तकाची चेष्टा आहे. म्हातारपणी मात्र त्याने मॅदरच्या मुलाला पत्र लिहून कबूल केले, की लहानपणी वाचलेल्या त्या पुस्तकाने आपल्याला वळण लावले. त्याच पत्रात एक आठवण आहे. मॅदरला भेटून बोळातून बाहेर पडताना वरच्या तुळईवर तरुण फ्रँकलिनचे डोके आपटले. वाकायला सांगूनही ऐकले नाही म्हणून म्हाताऱ्याने लगेच उपदेश केला: जगात वाकून चाल, टोले कमी बसतील. येल विद्यापीठाच्या नावामागेही मॅदर आहे. मद्रासच्या इंग्रज वखारीचा माजी गव्हर्नर इलायहू येल याला देणगीसाठी त्याने १७१८ मध्ये गळ घातली, आणि कनेक्टिकटच्या गरीब कॉलेजला पुस्तके आणि कापडाचे गठ्ठे मिळाले.

हिंदुस्थानशी त्याचा थेट पत्रव्यवहारही होता. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतला झीगेनबाल्ग याला त्याने पत्र लिहिले. ते पोहोचेपर्यंत झीगेनबाल्ग वारला होता, उत्तर सहकारी ग्रुंडलरने दिले. मॅदरने तो पत्रव्यवहार १७२१ मध्ये छापला. महाराष्ट्राशी दुवा आणखी नंतरचा आणि दूरचा. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि पुढे अहमदनगरला रुजलेले अमेरिकन मराठी मिशन याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांच्या पोटातून निघाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि मिस फरारच्या मुलींच्या शाळा त्यातल्याच. याचे श्रेय मॅदरला देणे ओढाताण होईल. पण ही माणसे ज्या धर्मसंस्कारातून आली, तो त्याच्या लिखाणात जितका उघड दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

हार्वर्डचे अध्यक्षपद त्याला हवे होते, मिळाले नाही. बायबलवरचे भाष्य तो १६९३ पासून लिहीत होता. साडेचार हजारांहून अधिक पानांच्या त्या हस्तलिखिताला प्रकाशक सापडला नाही. वैद्यकावरचा त्याचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रथम पूर्ण छापला गेला, बायबलभाष्याचे खंड २०१० पासून निघू लागले. केनेथ सिल्व्हरमनच्या १९८४ च्या चरित्राने त्याला माणसात आणले. माझी बरीच भिस्त त्यावर आहे.

शेवटी वाचकाला एक विनंती. मॅदरचे गद्य लॅटिन अवतरणांनी आणि कोट्यांनी ठासून भरलेले असते. पुढे दिलेले उतारे एका बैठकीत वाचू नयेत, दमछाक होते. सेलमची प्रकरणे आधी वाचायची असतील तर खुशाल वाचा. फक्त ती वाचून मॅदरविषयी मत बनवून पुस्तक बाजूला ठेवू नका, आणि देवीच्या साथीचे प्रकरण वाचून त्याला माफही करून टाकू नका.